कच्छच्या रणात रास कधी रंगतो?

रानवाट (धागाकर्ती)

दिवाळी तोंडावर आली की इथे एकच प्रश्न फिरत असतो : रणोत्सवाला जायचंय, तंबू कुठला घ्यावा, पौर्णिमा मिळेल का? त्याची उत्तरं जुन्या धाग्यांत ढिगानं सापडतील. मला आज वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय.

रणोत्सवाच्या गावी, धोरडोला, संध्याकाळी रंगमंचावर गरबा होतो, रास होतो. आपली मंडळी तो बघतात, चांदण्यात पांढऱ्या मिठावर फोटो काढतात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. पण रणात पाणी कधी येतं आणि कधी आटतं हे समजल्याशिवाय तिथला रास समजत नाही, मीठ समजत नाही, प्राणीही समजत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. या सगळ्यांचं वेळापत्रक ते पाणीच ठरवतं.

कच्छची रणं दोन, मोठं आणि छोटं. त्यातल्या छोट्या रणाचंच घ्या. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्या आपलं पाणी तिथे आणून सोडतात. त्याच वेळी नैऋत्येचा वारा कच्छच्या आखातातलं खारं पाणी आत रेटतो. जमीन इतकी सपाट की बघता बघता हजारो चौरस किलोमीटरवर उथळ पाणी पसरतं. मधले उंचवटे तेवढे कोरडे राहतात, त्यांना तिथे 'बेट' म्हणतात. घुडखर, म्हणजे रानगाढवं, त्या बेटांवर चढून बसतात. पाण्यात कोळंबी वाढते आणि काठावरचे लोक जाळी घेऊन उतरतात. पाणी ओसरलं, चिखलाला भेगा पडल्या की साधारण नवरात्र-दिवाळीच्या आगेमागे अगरिया कुटुंबं मीठ पिकवायला रणात मुक्कामाला जातात, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. गुरं घेऊन फिरणारे मालधारीही चारा संपत जाईल तसतसे पांगतात.

मग ही माणसं नाचतात कधी? घरी असतात तेव्हा! श्रावण-भाद्रपदात. रापर तालुक्यातली रवेची मातेची जत्रा भाद्रपदात, भुजजवळची जखची जत्रा भाद्रपदात, छोट्या रणाच्या दक्षिणेला सुरेंद्रनगर जिल्ह्यातली तरणेतरची जत्राही भाद्रपदातच. कच्छातल्या काही रबारी (गुरं-मेंढ्या पाळणारा समाज) गटांत तर वर्षभरातली सगळी लग्नं गोकुळाष्टमीच्या सुमारास एकत्र लावायची रीत होती, कारण एरवी वऱ्हाड जमायचं कुठून? आपण पर्यटक जातो डिसेंबर-जानेवारीत. ज्यांचा रास बघायला जातो ती माणसं तेव्हा मिठात नाहीतर गुरांमागे असतात.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः कच्छी मंडळींनी.

---

वाटसरू७

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

बडोद्याची_सून

रानवाटताई, धागा फार आवडला. एक गोष्ट वेगळी काढून ठेवते, नाहीतर चर्चेत सगळाच गोंधळ होईल. गरबा आणि रास ही एकच गोष्ट नाही, आणि नवरात्राचा गरबा हा रणातून आलेला नाही.

गरबा देवीचा. मधोमध 'गरबो', म्हणजे भोकं पाडलेली मातीची माटली, आत दिवा तेवत असतो. भोवती बायका फेर धरून टाळ्या देत फिरतात. बे ताळी, त्रण ताळी हे त्यातले प्रकार. ताल बहुतेक हींच, सहा मात्रांचा. आमच्या सासूबाई घटस्थापनेच्या दिवशी घरात दोन्ही मांडायच्या, आपल्या पद्धतीनं मातीत धान्य पेरून घट आणि शेजारी गरबो. गायकवाडांमुळे बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत हे अगदी सहज चालतं. संध्याकाळी पाटावर हत्ती काढून भोंडला, खिरापत ओळखायची, आणि रात्री जेवून गरब्याला. दोन्हीकडे बायकांचा फेर आहे, मधे पूजेची वस्तू आहे, गाणी सासर-माहेरची आहेत. मला आजवर यातलं एक 'आपलं' आणि एक 'त्यांचं' असं वाटलेलं नाही.

रास हा कृष्णाच्या बाजूचा. त्यात दांडिया आला, त्याचा ताल बहुतेक वेळा आठ मात्रांचा. पुरुषांचे वेगळे रास आहेत. पोरबंदरकडचे मेर लोक दांडियाऐवजी जाड काठ्या घेऊन खेळतात, त्यात लढाईचा आवेश असतो. नळसरोवराच्या काठचे पढार मंजिऱ्या वाजवत बसून, झोपून, वल्ही मारल्यासारखी अंगं हलवत रास करतात. भरवाड या मेंढपाळांचा हुडो नाच तरणेतरला बघावा. भरतकाम केलेल्या, आरसे लावलेल्या छत्र्या घेऊन पोरं येतात.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याचा आनंद आहेच. पण मैदानात हजारो लोक, मोठाले स्पीकर आणि दर दहा मिनिटांनी जाहिरात हा जो गरबा आता सगळीकडे दिसतो, त्यात मधला गरबो कुणाला दिसत तरी असेल का, याचं मला वाईट वाटतं. पोळांमधून (जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून), सोसायट्यांमधून अजून मधे दिवा ठेवूनच खेळतात. बडोद्याला याल तर तिथे या.

---

कच्छीमाडू

जय माताजी! मी मुलुंडचा, शाळा मराठी, घरी कच्छी. गाव वागडात, म्हणजे रापरकडे. त्यामुळे मला बोलायलाच हवं.

बडोद्याच्या वहिनींचं बरोबर आहे, नवरात्राचा गरबा आणि आमच्याकडचा रास वेगळे. पण आमच्याकडे रासाची एक अशी कथा आहे की ती ऐकल्याशिवाय कच्छ सोडू नये. रापर तालुक्यात व्रजवाणी नावाचं गाव आहे. लोककथा अशी : गावात एक ढोली आला आणि ढोल वाजवायला लागला. आहिरांच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या समाजाच्या, बायका कामं टाकून रासाला उतरल्या. एक गेली, दुसरी गेली, अशा एकशे चाळीस जणी. रात्र झाली, दिवस उजाडला, ढोल थांबेना आणि त्याही थांबेनात. घरात पोरं रडतायत, गोठ्यात गुरं हंबरतायत. शेवटी गावच्या पुरुषांनी रागाच्या भरात त्या ढोलीला मारलं. ढोल थांबला, आणि त्या एकशे चाळीस जणींनी तिथेच प्राण सोडला. लोक म्हणतात तो ढोली म्हणजे साक्षात कृष्ण होता.

आज तिथे मंदिर आहे. मधे ढोली आणि भोवती फेर धरलेल्या एकशे चाळीस आहिराण्यांच्या मूर्ती. माझी आजी त्या फेराभोवती फिरताना प्रत्येक मूर्तीच्या पायांना हात लावायची. एकही सोडायची नाही, कितीही वेळ लागो. आम्ही पोरं कंटाळायचो, तिला घाई नसायची.

डिसेंबर २०२३ मध्येच द्वारकेला सुमारे ३७ हजार आहिर बायकांनी एकत्र महारास केला. टीव्हीवर ते दिसलं तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. बाहेरच्यांना तो विक्रम वाटला असेल. आमच्या घरात पहिलं नाव निघालं ते व्रजवाणीचं.

आणि पाण्याबद्दल म्हणाल तर रानवाटताईंनी नेमकी नस पकडली आहे. आमचं नवीन वर्षच आषाढी बीजेला, पावसाच्या तोंडावर. भुजचा हमीरसर तलाव भरून वाहायला लागला की शहरात सुट्टी जाहीर होते, तलावाची पूजा होते, मेघलाडू वाटतात. ज्या वर्षी हमीरसर भरतो, त्या वर्षी नवरात्रालाही वेगळाच जोर असतो.

---

पाणपक्षी

व्रजवाणीची कथा पहिल्यांदाच ऐकली. अंगावर काटा आला, कच्छीमाडू. धन्यवाद.

मी रणात जातो तो पक्षी आणि घुडखरांसाठी, तेव्हा त्या बाजूचं लिहितो.

घुडखराला नुसतं गाढव म्हणून सोडून देतात याचा मला राग येतो. तांबूस-करडी पाठ, पांढरं पोट, आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा, आणि धावायला लागला की ताशी ७० किलोमीटरपर्यंत. एकेकाळी वायव्य भारतापासून पार पलीकडे इराणच्या बाजूपर्यंत याचे कळप होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर जे उरले ते जवळजवळ फक्त छोट्या रणात. १९६२ च्या मोजणीत ८७० होते. मग सर्रा आणि आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगांनी कळपच्या कळप आडवे केले आणि १९६९ ला आकडा ३६२ वर आला. १९७३ मध्ये अभयारण्य झालं, जवळपास ५ हजार चौरस किलोमीटरचं. २०१४ ला ४,४५१, २०२० ला ६,०८२ आणि २०२४ ला ७,६७२. आपल्या देशात एखादा मोठा प्राणी असा परत उभा राहिल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

अर्थात आकडा वाढला म्हणजे सगळं ठीक असं नाही. कळप रात्री काठावरच्या जिऱ्या-कापसाच्या शेतांत शिरतात. रणाच्या कडेला कालव्याचं पाणी आल्यापासून शेती वाढली आणि हा झगडाही वाढला. तरी काठावरच्या गावांत घुडखराला मारायची भाषा मी ऐकलेली नाही. शेतकरी डबे वाजवतात, रात्र रात्र जागतात, शिव्या देतात, पण मारत नाहीत. या संवर्धनाचं अर्धं श्रेय त्यांचं आहे आणि ते कुठल्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर नसतं.

पक्ष्यांचं तर काय सांगावं. मोठ्या रणात खडीर बेटाच्या उत्तरेला रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) वीण होते. चिखलाची बुटकी उभी घरटी, प्रत्येकात एक अंडं. १९४५ मध्ये सलीम अली तिथे गेले तेव्हा त्यांनी अंदाज केला होता पाच लाख पक्ष्यांचा. पाऊस नेमका पडला तरच वीण. कमी पडला तर पाणी आटतं आणि भक्षक चालत घरट्यांपर्यंत येतात, जास्त पडला तर घरटी बुडतात. म्हणजे पुन्हा तेच, पाण्याचं वेळापत्रक.

मुंबईकरांनो, ठाणे खाडीत तुम्ही जे रोहित बघता त्यांचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) खाडीत उपग्रह-टॅग लावलेले काही पक्षी पावसाळ्यात गुजरातेत पोचल्याची नोंद आहे. शिवडीचा चिखल आणि गुजरातची खारी पाणथळ जमीन या एकाच पक्ष्याच्या दोन खोल्या आहेत. एक मोडली तर दुसरीत संसार होणार नाही.

माळढोकाबद्दल लिहायला हात उचलत नाही. नलियाजवळच्या गवताळ भागात आता मोजक्या माद्या उरल्या आहेत. विजेच्या तारा, गेलेला माळ. सोलापूरजवळच्या नान्नजला, आपल्या माळढोक अभयारण्यात, आपण जे पाहिलं तेच तिथे चाललंय.

---

खारजमीन

मी पेणचा, आमच्या घरात मिठागर होतं. म्हणून मिठावर लिहितो.

आपल्याकडे मिठागर म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडीतून कोंडीत फिरवत आटवायचं. छोट्या रणातलं मीठ समुद्राचं नाही. ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचं, आणि ते पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट. बोअर मारून ते उपसतात. पाटे, म्हणजे मिठाचे वाफे, तयार करायला ओल्या मातीवर माणसं अनवाणी नाचल्यासारखी तुडवत फिरतात, तळ घट्ट होईपर्यंत. पाणी सोडलं की रोज लाकडी दाताळं पाट्यातून ओढायचं. ते ओढलं नाही तर मिठाचा नुसता थर बसतो, ओढत राहिलं तर टपोरा दाणा धरतो. त्या जाड मिठाला वडागरा म्हणतात. महिनोन्‌महिने हे दाताळं ओढायचं, पाय खाऱ्या पाण्यात.

पायांना चिरा पडतात, कातडी निबर होते. अगरिया वारला की चितेवर बाकीचा देह जळतो पण पाय जळत नाहीत, असं रणात सांगतात. आमच्या पेणला मिठागरात जन्म गेलेल्या माणसांचे पाय मी पाहिलेत. मला ते ऐकून नवल वाटलं नाही.

खाराघोड्याला इंग्रजांनी १८७२ मध्ये मिठाचा कारखाना उभारला, तेव्हापासून तिथलं मीठ रेल्वेनं देशभर जातंय. आज देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं. तरी पिकवणाऱ्याच्या हातात काय येतं? हंगामाच्या सुरुवातीला व्यापाऱ्याकडून उचल, शेवटी त्याच व्यापाऱ्याला त्याच्याच भावानं मीठ. पूर्वी कमाईचा मोठा वाटा डिझेल पंप खायचा. सरकारनं ८० टक्के अनुदानावर सौर पंप दिले, त्यानं खरोखर फरक पडला. हे मुद्दाम लिहितो, कारण चांगलं झालं तेही सांगायला हवं.

पण नवी संकटं आहेतच. नर्मदेच्या कालव्यांचं जास्तीचं गोडं पाणी रणात उतरतं आणि तयार होत आलेल्या पाट्यात शिरतं. सगळा हंगाम वाया. आणि अभयारण्यातल्या हक्कांची यादी झाली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणाऱ्या पुष्कळांची नावं तिच्यात आलीच नाहीत.

---

पाणपक्षी

खारजमीन, इथे तुमच्याशी थोडा वाद घालतो. अभयारण्य आहे म्हणून घुडखर वाचले. ट्रकची वाहतूक, बोअर, वस्ती हे सगळं वाढत गेलं तर प्राण्यांनी जायचं कुठे? त्यांना हेच एक घर आहे.

---

खारजमीन

अगरियालाही हेच एक घर आहे. पाणपक्षी, तुम्हीच वर आकडे दिलेत ना? ३६२ वरून साडेसात हजारांच्या पुढे. या सगळ्या वर्षांत अगरिये रणातच होते, मीठ पिकवत होते. माणूस आणि घुडखर एका जागी नांदू शकत नाहीत असं असतं तर आकडा वाढलाच नसता. बेकायदा मोठे उद्योग वेगळे आणि दहा-वीस पाटे पिकवणारं कुटुंब वेगळं. दोघांना एकाच काठीनं हाकू नका, एवढंच मागणं आहे.

---

पाणपक्षी

हा मुद्दा वजनदार आहे. मोठे उद्योग आणि कुटुंबं वेगळी मोजावीत, याला माझा पूर्ण पाठिंबा. बेटांवर मात्र काहीच नको, पावसाळ्यात तर अजिबात नको. यावर तुमचंही दुमत नसेल.

---

खारजमीन

अजिबात नाही. पावसाळ्यात बेटावर जायचं काम अगरियाला नसतंच.

---

रानवाट

दोघांचेही आभार. हीच चर्चा हवी होती.

बन्नीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाला लागून अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं गवताळ रान. तिथल्या मालधाऱ्यांची बन्नी म्हैस रात्री चरायला जाते आणि पहाटे दुधाला आपली आपण परत येते. २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. १९६० च्या दशकात रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्यानं तिथे गांडो बावळ, म्हणजे परदेशी वेडी बाभूळ, लावला. त्यानं गवताचा घास घेतला. शेंगा गुरांनी खाल्ल्या आणि शेणातून बी सगळीकडे गेलं. आता त्याच्या कोळशावर काही घरं चालतात, त्यामुळे उपटायचं म्हटलं तरी सरळ उत्तर नाही. तरीही माझं मत पक्कं आहे : बन्नी हे गवताचं रान आहे आणि ते गवताचंच राहायला हवं. गवत गेलं की म्हैस जाते, म्हैस गेली की मालधारी जातो. मग त्याची गाणी कोण गाणार?

त्या गाण्यांचंही सांगते. बन्नीत सिंधचे सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांची पदं 'वाई' म्हणून गातात. सोबत सुरंदो हे तंतुवाद्य आणि जोडिया पावा, म्हणजे एकाच वेळी फुंकायच्या दोन बासऱ्या, एक सूर धरून ठेवते आणि दुसरीवर चाल वाजते. धर्मानं मुसलमान मालधारी, शेजारी कृष्णाचा रास खेळणारे आहिर, देवीचे भक्त रबारी. एकाच पाण्याची वाट बघणारी माणसं ही. कच्छकडे जाणाऱ्यांनी या तिघांनाही ऐकावं.

---

वाटसरू७

सगळं वाचून काढलं. आता व्यवहाराचा प्रश्न. घरचे पाच जण, आई सत्तरीची. भाद्रपदात गेलं तर रण दिसणार नाही, डिसेंबरात गेलं तर रास दिसणार नाही. मग करायचं काय?

---

कच्छीमाडू

दादा, आईंना घेऊन भाद्रपदात जत्रेची गर्दी आणि उकाडा जड जाईल. दिवाळीनंतर जा आणि रंगमंचावरच अवलंबून राहू नका. छोटं रण १६ ऑक्टोबरपासून उघडतं (१६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं). दसाडा, झैनाबाद, बजाणा किंवा ध्रांगध्रा इथून जीप आणि परवाना मिळतो. घुडखर हमखास दिसतील. बजाणाच्या पाणथळीवर क्रौंच, रोहित. अगरियांच्या पाट्यावर नेणारे स्थानिक वाटाडे आहेत, त्यांच्याबरोबरच जा.

मग भुज. पांढऱ्या रणाचा परवाना भिरंडियाराला मिळतो, तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. निरोणाला रोगन कला (कापडावरचं तेलरंगांचं काम), अजरखपूरला अजरख (ठशांनी छापलेलं कापड) छापताना बघा. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या खत्री कारागिरांनी हे गाव नव्यानं वसवलं. खावड्याहून धोळावीराला जाणारा रस्ता थेट रणातून जातो, दोन्हीकडे पाणी किंवा मीठ. जमलं तर तिथून पुढे व्रजवाणी.

आणि आईंना काळा डुंगर नक्की दाखवा. कच्छातली सगळ्यात उंच जागा, ४६२ मीटर, आणि वर दत्ताचं मंदिर.

---

बडोद्याची_सून

काळ्या डुंगराला +१. आरतीनंतर पुजारी गोड भाताचा प्रसाद घेऊन ओट्यावर येतात आणि 'लोंग, लोंग' अशी हाक देतात. झाडीतून कोल्हे येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तानं स्वतःचं अंग देऊ केलं अशी तिथली कथा आहे. आम्ही गेलो तेव्हा पहिला कोल्हा ओट्याच्या कडेला पुढचे पाय टेकून बराच वेळ थांबला, भाताकडे न बघता आमच्याकडे बघत. सगळे मागे सरले तेव्हा त्यानं तोंड घातलं. माझ्या सासूबाई गाणगापूरला नेमानं जाणाऱ्या, त्यांनी तिथेच 'दिगंबरा दिगंबरा' म्हणायला सुरुवात केली आणि पुजारीही त्यांच्या सुरात सूर मिळवू लागले.

---

वाटसरू७

आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती तयार आहे! एक शेवटचं : गावात कुठे लग्नात वगैरे रास चालू असेल तर बाहेरच्या माणसानं बघायला थांबलं तर चालतं का? बायको भोंडला-गरबा दोन्ही खेळणारी आहे, तिला राहवणार नाही.

---

कच्छीमाडू

खुशाल थांबा, पण आधी विचारा. बायकांचा फेर असेल तर पुरुषांनी लांब उभं राहायचं, मोबाईल खिशात. वहिनींनी कडेला उभं राहून टाळी धरावी, कुणीतरी हात धरून आत ओढतंच. आत गेल्यावर पुढे-पुढे करायचं नाही, आपल्या पुढच्या बाईचे पाय बघायचे. आमच्याकडचा रास सुरुवातीला संथ असतो, वेग ढोली ठरवतो. तो वेग वाढवेल तेव्हा दमलात तर मागे सरून बाहेर या, फेर मधून तोडू नका. निघताना ढोलीच्या हातात काहीतरी ठेवायची रीत आहे, ती पाळा. आणि वागडात जाणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा, गावी काकांना सांगून ठेवतो, जेवायला थांबवल्याशिवाय सोडणार नाहीत.